तुम्ही विचारलंत म्हणून : एका ‘हार्डली’साठी अख्खा तास

मालेगावात उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी शिकवताना मी एका ‘हार्डली’वर अख्खा तास का घालवतो, हे पालक विचारतात, सहकारी विचारतात, आणि अभ्यासक्रम मागे पडला की मीही स्वतःला विचारतो. ‘खूप कष्ट केले’ म्हणायला ‘आय वर्क्ड हार्ड’ऐवजी ‘आय वर्क्ड हार्डली’ लिहिणारी मुले मराठी माध्यमातही आहेत. तो तास त्यासाठी नसतो.

उर्दूतल्या ‘मुश्किल से’ला दोन अर्थ आहेत. ‘मुश्किल से दस आदमी थे’ म्हणजे जेमतेम दहा माणसे होती, आणि ‘मुश्किल से घर बनाया’ म्हणजे महत्प्रयासाने घर बांधले. काही शतकांपूर्वी ‘हार्डली’लाही ‘कष्टाने’ असा अर्थ होता. आज उरला आहे तो ‘जवळजवळ नाहीच’ एवढाच. मराठीत आपल्याकडे यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, म्हणून यातली मेख माझ्या लक्षात उशिरा आली.

तेव्हा मी फळ्यावर दोन रकाने आखत असे, आणि ‘हार्डली’समोर मी ‘मुश्किल से’ लिहिले होते. त्या वर्गातली एक मुलगी नोकरीच्या मुलाखतीला गेली. वडील लवकर गेलेले, आईने शिवणकाम करून तिघा भावंडांना वाढवलेले. ‘अम्मी ने हमें मुश्किल से पाला’ हे मनातले वाक्य तिने माझ्या रकान्याच्या आधारे इंग्रजीत मांडले : ‘माय मदर हार्डली रेझ्ड अस.’ समोरच्याने विचारले, मग तुम्हाला वाढवले कोणी? तिला प्रश्नच कळेना. तिने तेच वाक्य अधिक ठासून पुन्हा म्हटले. त्याचा अर्थ तिला बाहेर आल्यावर कोणीतरी सांगितला. दुसऱ्या दिवशी तिने वही माझ्यापुढे उघडून धरली. ‘सर, यही लिखवाया था ना आपने?’ त्या ओळीशेजारी माझी लाल शाईतली बरोबरची खूण होती.

रकाना चुकीचा नाही, असे मी तिला म्हणालो, आणि ‘जेमतेम’पुरते ते खरेही आहे; पण वाक्य न देता नुसता अर्थ हातात ठेवणे ही चूक माझीच होती, आणि ते कबूल करण्याऐवजी त्या दिवशी मी शब्दकोश पुढे केला. आता मी ‘हार्डली’साठी ‘शायद ही’, म्हणजे ‘क्वचितच’, शिकवतो, तर त्यातले ‘शायद’ ऐकून काही मुले ‘परहॅप्स’, म्हणजे ‘कदाचित’, लिहितात. मग मी फळा पुसून तेच वाक्य लिहितो आणि विचारतो, या आईने मुलांना वाढवले की नाही? मागच्या आठवड्यात निम्म्या वर्गाने ‘वाढवले’ म्हणून हात वर केले.