ईसीटीची भीती आणि तिला द्यावयाची उत्तरे

इलेक्ट्रोकन्व्हल्सिव्ह थेरपी (ईसीटी), म्हणजे आपल्याकडे सर्रास ‘शॉक ट्रीटमेंट’ म्हटली जाणारी उपचारपद्धती, ही मानसोपचारातील सर्वाधिक बदनाम पद्धत असेल. आणि तीव्र नैराश्यावरील सर्वांत परिणामकारक उपायांमध्येही तिचीच गणना होते. लोकांची भीती केवळ अज्ञानातून आलेली आहे, असे डॉक्टर मंडळी पुष्कळदा सांगतात. मला ते अर्धेच पटते.

या भीतीला खरा इतिहास आहे. 1934 मध्ये बुडापेस्टच्या लाडिस्लास मेडुना यांनी औषध टोचून रुग्णांना मुद्दाम आकडी आणण्याचे प्रयोग सुरू केले आणि 1938 मध्ये रोममध्ये उगो चेर्लेत्ती व लुचो बिनी यांनी त्याच हेतूने विजेचा वापर केला. पुढची अनेक वर्षे हा उपचार भूल न देताच होत असे. झटके इतके जोराचे असत की कधीकधी मणक्याची हाडे मोडत. 1950 नंतर भूल आणि स्नायू शिथिल करणारी औषधे वापरात आली, पण आपल्या देशात भूलतज्ज्ञ उपलब्ध नसल्याचे कारण देऊन जुनीच रीत कित्येक ठिकाणी चालू राहिली. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 ने भुलीशिवाय ईसीटी देण्यावर स्पष्ट बंदी घातली. म्हणजे आज सत्तरीत असलेल्या एखाद्या बाईंनी तरुणपणी ऐकलेली वर्णने खोटी नव्हती. ती आजच्या उपचाराची मात्र नाहीत.

आज काय होते, ते थोडक्यात सांगते. रुग्णाला रात्रीपासून उपाशी ठेवतात. सकाळी शिरेतून अल्पकाळाची भूल आणि स्नायू सैल करणारे औषध देतात, दातांमध्ये मऊ ठोकळा ठेवतात, प्राणवायू देतात आणि मग काही सेकंद विजेचे अतिसूक्ष्म स्पंद सोडतात. त्यामुळे मेंदूत साधारण अर्धा ते एक मिनिट आकडी येते, पण अंग जवळजवळ स्थिर राहते. आकडी आली की नाही हे कळावे म्हणून पुष्कळ ठिकाणी एका घोट्याच्या वर रक्तदाबाचा पट्टा आधीच आवळून ठेवतात, जेणेकरून स्नायू सैल करणारे औषध त्या पावलापर्यंत पोहोचत नाही आणि तेवढे एक पाऊल हलताना दिसते. असे उपचार आठवड्यातून दोन-तीन वेळा, एकूण साधारण 6 ते 12 वेळा होतात. मृत्यूचे प्रमाण लाखभर उपचारांमागे सुमारे दोन, म्हणजे अत्यल्प आहे. 2003 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या आढाव्यात, केवळ भूल देऊन वीज न सोडलेल्या रुग्णांपेक्षा ईसीटी मिळालेले रुग्ण स्पष्टपणे अधिक सुधारल्याचे दिसून आले.

माझ्या मावशीला साठीनंतर नैराश्य आले, तेव्हा आपल्या पापामुळे सगळे घर भिकेला लागणार, अशी तिची ठाम समजूत झाली होती आणि तिने अन्न सोडले होते. भ्रमासह येणाऱ्या अशा नैराश्यात ईसीटीचा गुण विशेष चांगला येतो; तरीही घरातल्या मोठ्यांचा विरोध मोडायला फार वेळ गेला आणि तेवढ्या काळात ती अंथरुणाला खिळली. उपचार सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात ती स्वतःहून ताट मागू लागली. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून या उपचाराच्या बाजूने बोलताना मला संकोच वाटत नाही.

पण त्या वर्षीचे गणपती तिला आठवत नाहीत. आजारपणाच्या काही महिने आधी झालेला माझ्या मावसभावाचा साखरपुडाही आठवत नाही. छायाचित्रांत ती होणाऱ्या सुनेची ओटी भरताना दिसते आणि ती ते फोटो परक्या समारंभाचे असावेत तसे पाहते. बरे झाले हे महत्त्वाचे, असे ती स्वतः म्हणते, मात्र लगेच पुढे म्हणते, “पण हे आधी कुणी सांगितलं असतं, तर बरं झालं असतं गं.”

तिच्या या वाक्यावर मी खूप विचार केला आहे. उपचारानंतर काही वेळ होणारा गोंधळ ओसरतो आणि नवीन गोष्टी लक्षात ठेवण्याची क्षमता काही आठवड्यांत बहुधा पूर्ववत होते. मात्र उपचाराच्या आधीच्या काही आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या आठवणी पुसट होतात आणि त्यांतल्या काही कायमच्या जातात. हा धोका सर्वांना सारखा नसतो. वीज सोडणारे इलेक्ट्रोड डोक्याच्या दोन्ही बाजूंना लावले की केवळ उजव्या बाजूला, स्पंद किती सूक्ष्म आहेत, यांवर तो अवलंबून असतो. आणि स्मृतीला कमी त्रास देणाऱ्या पद्धतीत काही वेळा अधिक उपचार लागतात. समजावणारा माणूस ‘काही होत नाही’ म्हणून मोकळा होतो, तेव्हा पुढे हरवलेली प्रत्येक आठवण त्या उपचारावरचा अविश्वास वाढवते आणि तो अविश्वास शेजारीपाजारी, नात्यागोत्यात पसरतो.

लपवालपवीचा दुसरा प्रकार अर्थातच घराबाहेरच्या जगाच्या भीतीतून येतो. 1972 मध्ये अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षाचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार टॉमस ईगलटन यांना नैराश्यासाठी ईसीटी मिळाल्याचे उघड झाले आणि तीन आठवड्यांच्या आत त्यांना उमेदवारी सोडावी लागली. त्यानंतरही ते 1987 पर्यंत सिनेटर होते. आमच्या घरीही मावशीला ‘टायफॉइड’ झाल्याचेच सांगितले गेले.

आणखी एक गोष्ट जवळजवळ कोणीच सांगत नाही. ईसीटी आजारातून बाहेर काढते, पण पुढे औषध थांबवले तर आजार परत येण्याची शक्यता फार मोठी असते. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, ईसीटीने बरे झालेल्यांपैकी ज्यांना नंतर केवळ नावापुरत्या, औषध नसलेल्या गोळ्या दिल्या, त्यांच्यातील 84 टक्क्यांचा आजार सहा महिन्यांत उलटला. नॉरट्रिप्टिलीन आणि लिथियम ही दोन औषधे एकत्र घेणाऱ्यांत हे प्रमाण 39 टक्के होते. ‘शॉक देऊनही उपयोग झाला नाही’ अशी तक्रार ऐकू येते, तेव्हा नंतरच्या गोळ्या चालू होत्या का, हे विचारून पाहावे.

कायद्याने तातडीच्या उपचाराच्या नावाखाली ईसीटी देता येत नाही आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या संमतीबरोबर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची पूर्वपरवानगीही लागते. त्यामुळे विचारायला वेळ असतो. इलेक्ट्रोड कोठे लावणार, भूल कोण देणार, स्मरणशक्तीची तपासणी आधी आणि मध्ये होणार का, आणि शेवटच्या उपचारानंतर कोणते औषध किती काळ चालणार, हे सारे संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी, शक्य असेल तर खुद्द रुग्णाच्या समोर, विचारून घ्यावे.