शाफ्ट तुटला आणि हँडब्रेकपण गेला

मी ऑफरोड ट्रिपवर ग्रुपबरोबर मिस्त्री म्हणून जातो. माझी गाडी कायम सगळ्यात शेवटी, म्हणजे पुढं कुणाचं काही बिघडलं की मी मागून आपोआप तिथं पोचतोच. आत्तापर्यंत फुटलेले टायर, फाटलेले रेडिएटर होज, डिझेलमध्ये पाणी असलं सगळं रस्त्यावर बसून केलंय, पण त्या दिवशी जे झालं ते आधी कधी बघितलं नव्हतं.

पाच गाड्या होत्या. सकाळपासून कोरड्या नदीपात्रातनं चाललो होतो, मोबाइलला रेंज नाही, पक्का रस्ता मागं ३८ किलोमीटर. दुपारी पात्रातनं बाहेर पडायचा चढ आला, साधारण दीडशे मीटर, सुटी खडी आणि मधे मोठे दगड. चढावर एका वेळी एकच गाडी, आधीची वर पोचल्याशिवाय खालच्यानं हलायचं नाही, हा नियम मी सकाळीच सगळ्यांना सांगतो आणि त्यावर भांडायची वेळ आली तरी भांडतो. तीन गाड्या वर गेल्या. चौथी एक जुनी डिझेल फोर बाय फोर, चालवणारे सर, शेजारी मॅडम, मागच्या सीटवर पंधराएक वर्षांची मुलगी. मी खाली थांबलो होतो.

अर्ध्या चढावर टाण्णकन आवाज आला, घणानं लोखंडावर मारावं तसा. लगेच पाठोपाठ खडखडखड, आणि इंजिन बंद झालं. गाडी जागेवर. मला वाटलं बरंय, उभी राहिली. आणि तेवढ्यात ती मागं सरकायला लागली. दोन-तीन फूट आली असेल, ब्रेकलाइट लागला आणि थांबली, आणि वॉकीटॉकीवर सरांचा आवाज, "दादा, गाडी धरत नाहीये, गिअरमध्ये आहे, हँडब्रेक ओढलाय, तरी मागं येतीये."

गिअरमध्ये असून, हँडब्रेक ओढलेला असून गाडी मागं येते म्हणजे काय झालं असणार हे मला तिथंच कळलं, आणि कळलं म्हणूनच पोटात गोळा आला. त्या गाडीचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नाही. काही जुन्या फोर बाय फोर गाड्यांत हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या तोंडावर असतो, म्हणजे तो चाक धरत नाही, शाफ्ट, म्हणजे ताकद चाकांकडं नेणारा फिरता दांडा, धरतो, आणि शाफ्टमार्फत चाकं. आता मागचा शाफ्टच तुटला तर हँडब्रेकनं धरलं काय आणि नाही धरलं काय. गिअरचंही तसंच, इंजिन आणि मागची चाकं यांच्यातला दुवाच गेलेला. फोर लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना हळू गिअरची ताकद, असते तर पुढच्या शाफ्टनं तरी पुढची चाकं धरली असती, पण सरांना वाटलं फोर बाय फोरचा गिअरबॉक्सच फुटला, अजून वाटोळं नको म्हणून त्यांनी लिव्हर टू हायला, म्हणजे फक्त मागच्या चाकांना ताकद, टाकली, आणि खाली शाफ्ट आपटायला लागला म्हणून घाबरून चावी बंद केली. त्यांच्या जागी कुणीही तेच केलं असतं. आता अख्खी गाडी फक्त त्यांच्या उजव्या पायावर उभी होती.

मी पळत वर गेलो. वाटेत दोन दगड उचलले, आणि बघतो तर ती मुलगी वरच्या बाजूच्या दारातनं उतरून आधीच दगड गोळा करत होती. तिला म्हणलं चाकाच्या मागं उभी राहू नकोस, बाजूनं सरकव. चारही चाकांच्या मागं दगड लावले, पायानं ठोकून बसवले. मग सरांच्या खिडकीशी गेलो. त्यांचा गुडघा थरथरत होता, पँटच्या कापडावरनं दिसत होता, आणि ते म्हणाले पेडल कडक झालंय. होणारच. इंजिन बंद असलं की ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये राहिलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन वेळा ब्रेक हलका लागतो, नंतर सगळा जोर आपल्या पायाचा. म्हणलं सर, पाय काढू नका, क्लच दाबा, गिअर न्यूट्रल करा आणि इंजिन चालू करा. चालू झालं, पेडल जरासं आत गेलं आणि त्यांनी पहिल्यांदा श्वास सोडला. मॅडमना खाली उतरवलं.

वरनं पुढच्या गाडीला वॉकीटॉकीवर सांगून मागं चढाच्या तोंडाशी आणवली, तिच्या चाकांना दगड, तिच्या विंचची, म्हणजे दोरी गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राची, दोरी खाली सोडली आणि या गाडीच्या पुढच्या हुकात अडकवली. दोरीवर एक जाड ताडपत्री टाकली, तुटली तर उसळू नये म्हणून, आणि दोरीच्या रेषेतनं सगळ्यांना लांब केलं.

मग वाकून खाली बघितलं. मागच्या ॲक्सलकडचा क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या सांध्यातला अधिक चिन्हासारखा तुकडा, गेला होता, आणि नुसता क्रॉस नाही, तो ज्यात बसतो त्या दोन कानांच्या योकचा एक कानही तुटून गेलेला. माझ्या पेटीत त्या मापाचा नवा क्रॉस होता, पण कानच नाही तर तो बसवणार कशात. शाफ्टचं पुढचं टोक ट्रान्सफर केसला जोडलेलं, मागचं टोक जमिनीवर लोंबतंय. फिरताना ते ब्रेकच्या पाइपला घासलं होतं, पाइपवर पांढरी चमकती रेघ पडलेली. मी त्या रेघेवरनं बोट फिरवलं, मग सरांना पेडल जोरात दाबायला सांगून परत फिरवलं. कोरडं. दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा बॅटरी लावून बघितलं.

चढावर गाडीखाली शिरून नट खोलायचे नाहीत, कितीही दगड लावलेले असोत आणि कितीही दोऱ्या बांधलेल्या असोत. म्हणजे गाडी आधी खाली सपाटीवर न्यायची. पण तुटकं टोक लोंबतंय मागच्या बाजूला, आणि गाडी जाणार मागंच, ते टोक एखाद्या दगडात रुतलं तर गाडी भाल्यावर उचलल्यासारखी उचलली जाईल. बाजूनं हात आणि खांदा घालून ते टोक वर उचललं आणि पट्ट्यानं चेसिसला आवळून बांधलं. आता शाफ्ट अजिबात फिरता कामा नये, फिरला तर पट्टा आणि पाइप दोन्ही जातील. इथं मला तोच हँडब्रेक कामाला आला. टू हायमध्ये पुढचा शाफ्ट सुटा असतो, मागचा हँडब्रेकनं जाम धरलेला, गिअर न्यूट्रल, इंजिन चालू. म्हणजे खाली शाफ्ट गप्प बसणार आणि चारही चाकं मोकळी, थांबवायला फक्त पायाचा ब्रेक आणि वरनं दोरी.

विंचला वजन द्यायचं नव्हतं. वजनाखाली दोरी सोडत राहिलं की विंचच्या आतला ब्रेक तापतो, म्हणून वजन सरांच्या पायावर आणि दोरी फक्त ताठ ठेवायची. मी माझी गाडी आधीच लांब बाजूला घेतली होती. सरांना म्हणलं, तुम्ही मागं बघू नका, माझ्या हाताकडं बघा, हात वर म्हणजे थांबायचं. एक फूट, थांब. दोन फूट, थांब. वीस-पंचवीस मिनिटं लागली असतील. मी सरांना सगळा वेळ काहीतरी बोलत ठेवलं, नाहीतर माणूस ताठरतो आणि पाय एकदम सोडतो किंवा एकदम दाबतो.

सपाटीवर आल्यावर परत चारही चाकांना पुढून-मागून दगड, मग खाली झोपलो. फ्लँजचे, म्हणजे शाफ्ट जिला नटांनी जोडतात त्या चकतीचे, चार नट. तीन सुटले, चौथा गोल झालेला, पाना नुसता फिरायचा. त्याला छिन्नी लावून बाजूनं ठोकत ठोकत अर्धा तास. शाफ्ट खाली आला तो छातीवर घेतला. या गाडीत ट्रान्सफर केसच्या तोंडाला पक्की फ्लँज आहे म्हणून शाफ्ट काढल्यावर ऑइल येत नाही. ज्यात शाफ्ट नुसता आत सरकवलेला असतो त्यात काढला की ऑइल गळायला लागतं, तिथं तोंड बंद करायची सोय आधी करावी लागते.

आता गाडी फक्त पुढच्या चाकांवर. लिव्हर फोरला टाकायची, मागं शाफ्टच नाही, तर सगळी ताकद पुढं. सपाटीवर चालते छान. पण समोर तोच चढ. सर म्हणाले, चला ट्राय करू. मी नको म्हणलं. चढावर गाडीचं वजन उताराकडच्या चाकांवर येतं, नाक वर करून चढली तर वजन मागच्या चाकांवर आणि ताकद पुढच्या, हलक्या झालेल्या चाकांवर, ती खडीत नुसती खड्डे खणत बसणार. म्हणून गाडी उलटी चढवायची. शेपूट वर, पुढची चाकं खाली, वजन आणि ताकद दोन्ही एकाच जागी. सर माझ्याकडं बघतच राहिले, दीडशे मीटर रिव्हर्स, या दगडांतनं? म्हणलं, मी चालवतो, तुम्ही वर जाऊन विंच सांभाळणाऱ्याला मदत करा. त्यांनी चावी दिली तेव्हा हात घामेजलेला होता.

मागचं सगळं सामान काढून माझ्या गाडीत टाकलं. पुढच्या टायरची हवा २२ पीएसआयवरनं १६ वर आणली. दोरी आता मागच्या हुकाला. फोर लो, रिव्हर्स गिअर, आणि स्टिअरिंग शक्य तितकं सरळ, कारण आता सगळा भार पुढच्या दोन जॉइंटवर आणि चाक पूर्ण वळवलेलं असताना रेस दिली की तेच आधी तुटतात. रेस एकसारखी, झटका नाही. निम्म्यावर, बरोबर जिथं शाफ्ट तुटला तिथं, डावं चाक फिरायला लागलं. पाय उचलला, ब्रेक धरला, मुलीनं सांगायच्या आत खालच्या बाजूला दगड सरकवले. तीन फूट खाली घेऊन थोडी वेगळी लाइन धरली आणि दुसऱ्या वेळी निघाली. वर पोचल्यावर टाळ्या वाजल्या, पण मी बराच वेळ स्टिअरिंग धरूनच बसलो होतो, बोटं सुटत नव्हती.

मग सगळे पाणी पीत बसले आणि मी तो शाफ्ट घेऊन बाजूला गेलो. तुटलेल्या क्रॉसला चार टोपणं असतात, प्रत्येकात ओळीनं उभ्या बारीक सुया. दोन टोपणांत काळपट का होईना ग्रीस होतं. तिसऱ्यात ग्रीस नव्हतंच, सुया एकमेकींना चिकटून गंजलेल्या. चौथं उघडलं तर सुया जवळजवळ नव्हत्याच, लालसर पूड होती, विटेच्या भुकटीसारखी. बोटाला लागली, पुसली तरी रेषांमध्ये राहिली. ही एका दिवसात होत नाही. कधीतरी गाडी पाण्यातनं गेली, पाणी आत शिरलं, नंतर कुणी ग्रीस गन लावलीच नाही, आणि आतल्या आत खात गेलं. पाण्यातनं गाडी काढली की शाफ्टच्या निपलला, म्हणजे ग्रीस आत घालायच्या तोटीला, ग्रीस मारायचं आणि जुनं पाणी-ग्रीस बाहेर येईपर्यंत मारत राहायचं, पाच मिनिटांचं काम.

आणि आता जे लिहायला मला जड जातंय ते. सकाळी निघताना ही गाडी हळू पुढं आली तेव्हा मी आवाज ऐकला होता. चिक चिक चिक, चिमणीसारखा, चाकाच्या वेगाबरोबर वाढणारा. सरांना विचारलं, ते म्हणाले काल धुतली, ब्रेक वाजत असतील. मी बरं म्हणलं. ब्रेक दाबल्यावर आवाज थांबतो का हेसुद्धा बघितलं नाही. शाफ्ट हातानं धरून उलटसुलट पिळला असता तर ढिलेपणा हाताला लागला असता, टोपणाच्या कडेला ती लाल पूड नुसत्या डोळ्यांनी दिसली असती. पाच गाड्या, उशीर झालेला, सगळे हॉर्न वाजवतायत. मी खाली वाकलोच नाही.

सरांना मी हे जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, दादा, ग्रीस मी मारायला पाहिजे होतं. त्यावर मी काही बोललो नाही, कारण ते त्यांच्या जागी खरं होतं आणि माझं माझ्या जागी खरं होतं.

परतीचे ३८ किलोमीटर पंधरा-वीसच्या स्पीडनं. या वेळी मी मधे आणि सर माझ्या पुढं, म्हणजे मला त्यांची चाकं दिसत राहतील. प्रत्येक पाचेक किलोमीटरला थांबून पुढच्या ॲक्सलला हात लावून बघायचो, फार गरम नाही ना, ऑइल गळत नाही ना. डांबरी लागल्यावर सर म्हणाले आता फोर बाय फोर काढू का, पक्क्या रस्त्यावर चालवायचं नसतं ना. बरोबर आहे त्यांचं, या प्रकारच्या गाडीत पुढची-मागची चाकं एकमेकांना पक्की जोडली जातात आणि वळणावर दोघांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं, म्हणून पक्क्या रस्त्यावर सगळा ताण गिअरवर येतो. पण आज मागचं काही जोडलेलंच नाही, तर ताण कुणाशी येणार. आणि काढलं तर गाडी हलणारच नाही.

थांबण्याचं मात्र सांगून ठेवलं होतं, हँडब्रेक आता फोरमध्ये असतानाच धरेल आणि तोही फक्त पुढची चाकं, तीही एखादं खडीवर असेल तर भरवशाची नाहीत, त्यामुळे दगड लागणारच. अंधार पडल्यावर शेवटचा थांबा घेतला, मी गाडीतनं उतरेपर्यंत ती मुलगी खाली उतरलेली होती. दोन दगड दिवसभर तिनं पायाशीच ठेवले होते. एक डाव्या चाकामागं, एक उजव्या, दोन्हीवर बूट ठेवून वजन देऊन बघितलं आणि टॉर्च हलवून मला म्हणाली, "काका, बसले. बाबांना पाय काढायला सांगू?"