ठोकळा दोन्ही बाजूंनी फुगला

मंगळवार, रात्र

मिश्रधातूचा ठोकळा संगणकावर दाबून काढलेल्या ज्या आलेखावर मी तीन आठवडे खूश होते, तो आज पाच मिनिटांत निकालात निघाला. मॅडमनी आलेखाकडे पाहिलंसुद्धा नाही. दाबलेल्या ठोकळ्याचं चित्र पडद्यावर मोठं केलं आणि विचारलं, "हा दोन्ही बाजूंनी का फुगलाय गं?"

मी गप्प. उत्तर पाठ होतं, म्हणून तर जास्तच लाज वाटली.

आमचा टायटॅनियम अ‍ॅल्युमिनाइड, म्हणजे टायटॅनियम आणि अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू, ही थरांची चळत. बहुतेक थर गॅमा या स्फटिकरूपाचे, अधूनमधून अल्फा-२ या दुसऱ्या रूपाचे पातळ थर. सगळे थर एकाच दिशेला असलेला स्फटिक घेतला आणि थरांना समांतर दाबला, तर तो थरांच्या प्रतलातच पसरतो. थरांच्या काटकोनात जवळजवळ हलतच नाही. घसरण, म्हणजे अणूंचे पदर एकमेकांवरून सरकणं, थराच्या दोन सीमांच्या मध्ये कोंडली जाते. हे प्रयोगात अनेकदा दिसलेलं आहे. माझा ठोकळा मात्र मातीच्या गोळ्यासारखा चहूकडे सुटला होता. आणि तरीही ताण-विकृतीचा (किती ताणाला किती आकार बदलतो त्याचा) आलेख प्रयोगाच्या बिंदूंवर चपखल बसत होता!

दुपारभर इनपुट फाइल उपसली. गॅमामध्ये घसरणीचे १२ मार्ग आणि ट्विनिंगचे (स्फटिकाचा पट्टा आरशातल्या प्रतिमेसारखा उलटण्याचे) ४, एकूण १६. यातले ४ पूर्ण थरांना समांतर, म्हणून सोपे. ३ मार्गांची दिशा थरांना समांतर, पण प्रतल थर कापणारं. उरलेले ९ थर ओलांडून जाणारे, सगळ्यांत अवघड. माझ्या तक्त्यात एक ओळ खाली सरकली होती. त्यामुळे ओलांडणाऱ्यांतल्या काहींना मधल्या गटाचं कमी बळ (घसरायला लागणारा ताण) मिळालं. मग आलेख जुळेना, तेव्हा मी बाकीचे आकडे पिळत बसले आणि तो जुळवूनच सोडला. इतके आकडे हाताशी असताना न जुळता तर नवल.

ओळ जागेवर आणली, रन पुन्हा टाकला. संध्याकाळी ठोकळा एका बाजूने फुगला, दुसरी बाजू सरळ राहिली. आलेख अर्थातच बिघडला. तो बिघडलेला आलेख पाहून बरं वाटलं, हे मॅडमना सांगितलं नाही.

खरी चिंता तड्याची आहे. थर ओलांडणं स्वस्त केलं, की तड्याच्या टोकाशी धातू आधीच घसरतो, टोक बोथट होतं, ताण साठत नाही. म्हणजे गेल्या महिन्यात माझा मिश्रधातू जो चिवट निघाला, ती चिवटपणाची कमाई त्या सरकलेल्या ओळीची. हा धातू खोलीच्या तापमानाला एक-दोन टक्के ताणला की तुटतो. घनता पाण्याच्या चौपटीच्या आसपास, निकेलच्या मिश्रधातूंच्या निम्मी, म्हणून जीईएनएक्स या विमानाच्या इंजिनाच्या मागच्या टर्बाइनमध्ये त्याची पाती बसवतात. तिथे चिवटपणा फुगवून सांगणं परवडत नाही.

शिवाय तडा थरांच्या मधून सहज धावतो, थर आडवे तोडताना त्याला कितीतरी पट जोर लागतो. पुढे गेला तरी मागे काही थर न तुटता दोन्ही काठ धरून ठेवतात, शिवण उसवताना मध्येच एखादा टाका टिकून राहावा तसे. तडा जितका लांबतो, तितकं त्याला पुढे जाणं जड होतं ते या टाक्यांमुळे. माझ्या मॉडेलमध्ये सुटू शकणारे घटक (जिथे तडा उघडू शकतो ते तुकडे) फक्त थरांच्या सीमेवर होते. टाका उरायला आधी तडा आडवा जायला हवा ना! मी त्याला वाटच ठेवली नव्हती. आता थरांच्या आतही घटक घालायचे, म्हणजे फाइल दुप्पट आणि संगणकाच्या रांगेत थांबणंही.

रात्री १२.४०. थरांना काटकोनात ओढायचा रन पहिली सीमा सुटताच अडकला. पायरी लहान करून पाहिली, तिथेच. मेश (गणितासाठी ठोकळ्यावर पाडलेली जाळी) बारीक करून पुन्हा टाकलाय. सकाळपर्यंत चालला तर दोन्ही ठोकळ्यांची चित्रं शेजारीशेजारी लावून मॅडमना दाखवेन, तो जुळलेला आलेखही सोबत ठेवूनच.