पहिली टाळी कोणाची?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांचं निवेदन करता करता मला हा प्रश्न इतक्या वेळा विचारला गेलाय की एकदा नीट बसून उत्तर द्यायलाच हवं होतं. दादरचं शिवाजी मंदिर असो, पार्ल्याचं दीनानाथ असो की बोरिवलीचं प्रबोधनकार, मध्यंतरात मी विंगेतून बाहेर आले की वड्याच्या रांगेत कुणीतरी गाठतंच. "ताई, अमेरिकेत असतं तसं संगीतातल्या मोठ्या माणसांचं एक दालन आपल्या मुंबईत झालं, तर पहिले पाच फोटो कुणाचे लावाल?"

विचारणाऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. बाबूजी म्हणजे सुधीर फडके की सी. रामचंद्र, खळेकाका म्हणजे श्रीनिवास खळे की हृदयनाथ, लता की आशा. मग मागचा कुणी वसंत प्रभूंचं नाव काढतो, तिसरा वसंत देसाईंना विसरलात का म्हणून विचारतो, आणि चहा गार होईपर्यंत वाद चालतो. हे वाद मला मनापासून आवडतात. खळ्यांच्या एखाद्या अंतऱ्यासाठी सत्तरीतला माणूस आवाज चढवतो, तेव्हा त्या गाण्यानं त्याला आयुष्यभर काय दिलं असेल ते दिसतं.

पण माझे पाच फोटो या यादीतले नाहीत. तसं का, ते सांगायचं तर आधी एका तालमीची गोष्ट सांगायला हवी.

दादरमधल्याच एका हॉलमध्ये आमची तालीम होती. वाद्यवृंदात व्हायोलिनवर एक ज्येष्ठ वादक होते. उमेदीची वर्षं त्यांनी ताडदेव, महालक्ष्मी, वांद्र्याच्या स्टुडिओंमध्ये, सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये व्हायोलिनच्या मागच्या रांगेत बसून काढलेली. माझी संहिता मी मोठ्यानं वाचत होते. प्रत्येक गाण्याआधी कवी, संगीतकार, गायक, चित्रपट, साल, पडद्यावर कोण, सगळं व्यवस्थित. चहाच्या वेळी ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "ताई, गाण्याला पहिली टाळी कधी पडते, ते कधी बघितलंय का?"

मी बघितलं नव्हतं. त्या रविवारी प्रयोगात विंगेत उभी राहून बघितलं. टाळी गायकाच्या पहिल्या शब्दाला पडत नव्हती, ती त्याच्या आधीच पडत होती. 'आराधना'तल्या 'रूप तेरा मस्ताना'चं अकॉर्डियन सुरू झालं मात्र, बाल्कनीतून टाळ्या आल्या. गायक माइकसमोर नुसता उभा होता. सवयीनं त्यानं मान लववली. रात्रभर तसंच होत राहिलं. लोक प्रील्यूडवरून, म्हणजे गायनाआधीच्या वाद्यांच्या तुकड्यावरून, गाणं ओळखत होते आणि टाळी तिथंच देत होते.

१९६९च्या त्या रेकॉर्डिंगमध्ये अकॉर्डियन वाजवलं होतं केर्सी लॉर्ड यांनी. मुंबईचे पारशी. वडील कावस लॉर्ड तालवाद्यांतले उस्ताद, भाऊ बुर्जोर ड्रमवर. एका घरातल्या तिघांनी या शहराच्या सिनेसंगीताला किती सूर आणि किती ताल दिला, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. माझ्या संहितेत त्यांचं नाव नव्हतं. कित्येक वर्षं मी ते गाणं निवेदनात घेत होते आणि नाव नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

गाणं बनतं कसं, हे श्रोत्यांना कुणी सांगत नाही म्हणून थोडं सविस्तर लिहिते. संगीतकार सिटिंगला पेटी घेऊन बसतो, मुखडा आणि अंतरा बांधतो. ती चाल, गाण्याचा जीव. पण चाल म्हणजे पुरं गाणं नव्हे. आधीचं प्रील्यूड, मुखडा आणि अंतऱ्याच्या मधले म्युझिक पीस, गायक ओळ संपवून श्वास घेतो तिथं भरायचा छोटासा सूर, आवाजाच्या मागून वेगळ्याच वाटेनं चालणारी व्हायोलिनची ओळ, हे सगळं कुणीतरी लिहितं. काही संगीतकार त्यातलं बरंच स्वतः सुचवत, पण चाळीस-पन्नास वादकांपुढे प्रत्येकाच्या वाद्याचा वेगळा कागद ठेवायचा तर पाश्चात्त्य स्टाफ नोटेशन, म्हणजे रेघांवर सूर लिहायची पद्धत, यावी लागते. आपल्या बहुतेक संगीतकारांना ती येत नव्हती. ज्यांना येत होती त्यांतले बरेच गोव्याहून आले होते.

पोर्तुगीज गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांमध्ये मुलांना सॉल्फेज (सूर वाचून गाणं), नोटेशन, व्हायोलिन शिकवत. पोटासाठी ही मुलं मुंबईला आली, हॉटेलांच्या आणि क्लबांच्या बँडमध्ये वाजवू लागली. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात दारूबंदी आली, क्लबांचं काम आटलं, तेव्हा सिनेमाच्या स्टुडिओंनी यांतल्या अनेकांना सांभाळलं. रात्री ताजमध्ये जॅझ वाजवणारा चिक चॉकलेट सी. रामचंद्रांकडे आला. १९५१च्या 'अलबेला'तल्या गाण्यांत जो पाश्चात्त्य झटका आहे, त्यात रामचंद्रांच्या चालींबरोबर त्याचाही हात आहे.

आणि सेबॅस्टियन डिसोझा. शंकर-जयकिशन म्हटलं की जो व्हायोलिनचा समुद्र डोळ्यांसमोर येतो, त्याचे कागद यांनी लिहिले. त्यांचं नाव त्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत आहे, नाही असं नाही. 'सहायक' या शब्दाखाली, दत्ताराम यांच्या शेजारी, प्रेक्षक अजून खुर्ची शोधत असतात तेव्हा ते येतं आणि जातं. तो 'सहायक' शब्द मला फार टोचतो. सहायक म्हणजे पाणी आणून देणारा नव्हे. काढून टाका ती व्हायोलिनची ओळ आणि म्हणून बघा ते गाणं. तुम्ही न्हाणीघरात गुणगुणता तेव्हासुद्धा शब्द संपले की तोंडानं मधला पीस वाजवताच ना? बायका भांडी घासताना वाजवतात, लोकलच्या भजनी डब्यातही कुणी सिनेमाचं गाणं काढलं की पोरं बाकावर वाजवतात. लिहिणाऱ्याचं नाव त्यांच्यापर्यंत आपण पोचवलेलं नाही.

दत्ताराम वाडकरांचं तर आणखी वेगळं. ढोलकवरच्या एका ठेक्याला वादक मंडळी आजही 'दत्ताराम ठेका' म्हणतात. तालमीत कुणी नुसतं "दत्ताराम लाव रे" म्हटलं की पोरगा हात सोडतो आणि तोच ठेका वाजतो. शास्त्रीय संगीतात रागाला माणसाचं नाव चिकटतं तेव्हा आपण हात जोडतो. इथं मराठी माणसाचं नाव एका ठेक्याला चिकटलंय आणि पंचविशीतल्या ढोलकवाल्याला दत्ताराम हे कुणा माणसाचं नाव आहे हेही माहीत नसतं. मी विचारलंय, म्हणून सांगते. १९५८च्या 'परवरिश'ला त्यांनी स्वतंत्र संगीत दिलं. मुकेशच्या आवाजातलं 'आँसू भरी हैं' कार्यक्रमात घेतलं की लोक डोळे पुसतात आणि संगीत शंकर-जयकिशनचं म्हणून घरी जातात.

अँथनी गोन्साल्विस यांची गोष्ट मात्र मी दर कार्यक्रमात सांगते, वेळ कमी असला तरी. १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'तलं ते गाणं आपण सगळ्यांनी नाचून म्हटलंय. त्या नावाचा माणूस होता. गोव्यातल्या माजोर्ड्याचा, व्हायोलिनवादक आणि अरेंजर, म्हणजे वाद्यांचे कागद लिहिणारा. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधल्या प्यारेलालजींचे ते व्हायोलिनचे गुरू, आणि शिष्यानं गुरूला दक्षिणा दिली ती अशी. १९५८ साली या गोन्साल्विसनी सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात मोठा वाद्यवृंद उभा केला. आपले राग आणि पाश्चात्त्य सिंफनी एकत्र, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. साठच्या दशकात ते अमेरिकेला गेले, मग गोव्यात परतले, २०१२मध्ये वारले. सगळा देश ज्याचं नाव गात होता, तो माणूस त्याच देशात आपल्या गावी शांतपणे राहत होता.

पार्ल्याला एक गृहस्थ माझ्याशी यावरून बराच वेळ भांडले. निवृत्त इंजिनीअर, कानाचे फार तयार. त्यांचं म्हणणं असं, "वादकाला शिफ्टचे पैसे मिळाले. घर बांधणाऱ्या गवंड्याचं नाव कुणी दारावर लावतं का? सुचलं कुणाला, ते महत्त्वाचं." हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. त्या शिफ्टमध्ये वाजवलेल्या प्रत्येकाचा फोटो भिंतीवर मावणार नाही, हे मलाही कळतं. पण 'सुचलं कुणाला' हीच कसोटी धरायची असेल तर मी त्यांच्याच बाजूची आहे. प्रील्यूड सेबॅस्टियनना सुचलं. ठेका दत्तारामना सुचला. सुचण्याची मक्तेदारी पेटीपुढे बसलेल्या माणसाकडे नसते.

ज्या अमेरिकेचा दाखला लोक देतात, तिथंही हे उशिरानंच उमगलं. क्लीव्हलंडच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं पहिले मानकरी निवडले १९८६ साली, आणि मागं बसून वाजवणाऱ्यांसाठी वेगळा गट काढला तो २०००मध्ये. चौदा वर्षांनी. पहिल्या पाचांत ड्रमवाले हॅल ब्लेन आणि अर्ल पामर होते, बास वाजवणारे जेम्स जेमरसन होते.   मला सांगायचंय ते इतकंच की मागच्या रांगेसाठी दार त्यांना मागाहून पाडावं लागलं. आपण अजून भिंतच बांधलेली नाही, तर दार पहिल्यापासून ठेवता येईल.

आणि नावं न सांगणं ही काही देवाघरून आलेली रीत नव्हे. १९४९च्या 'महल'मधल्या 'आयेगा आनेवाला'च्या तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी', म्हणजे सिनेमातल्या पात्राचं! लोकांनी रेडिओला विचारून विचारून बेजार केलं, तेव्हा लता मंगेशकर हे नाव बाहेर आलं. फिल्मफेअरनं पार्श्वगायनासाठी पुरस्कार सुरू केला तो १९५९मध्ये, तोही लताबाईंनी त्याआधी ठाम भूमिका घेतली म्हणून. आज ज्यांच्या नावाशिवाय कुठलीच यादी सुरू होत नाही, त्यांचंसुद्धा नाव एकदा मागून घ्यावं लागलं होतं.

मराठीत याच रांगेत मी प्रभाकर जोगांना बसवते. गीतरामायणाच्या वेळी बाबूजींसोबत व्हायोलिन घेऊन ते होते, आणि पुढं 'गाणारं व्हायोलिन' ही त्यांची ओळखच झाली. शब्द ऐकू यावेत असं वाजवायचे. 'स्वर आले दुरुनी' ऐका. लिहिलंय यशवंत देवांनी, गायलंय बाबूजींनी, आणि चाल जोगांची. दोन दिग्गज संगीतकारांनी आपली पेटी बाजूला ठेवून एका व्हायोलिनवाल्याच्या चालीची सेवा केली. त्या दोघांना जोग कोण आहेत ते कळत होतं.

पाचवं नाव घेतलं की मात्र नाट्यगृहातले काही चेहरे अवघडतात. प्रल्हाद शिंदे. हे मागच्या रांगेतले नव्हेत, पुढं उभं राहून खड्या आवाजात गाणारे. पण ज्या घरांत खळे-देव यांच्यावर वाद होतात, त्या घरांच्या यादीत ते नसतात. आषाढीला 'पाऊले चालती पंढरीची वाट' आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रस्त्यावर भीमगीतं, दोन्हीकडे कर्ण्यातून तोच आवाज येतो. २००४मध्ये ते गेले. गिरगावच्या फणसवाडीत वाढलेल्या सुलोचना चव्हाणांनाही पद्मश्री मिळाली ती २०२२मध्ये, उतारवयात, आणि त्याच डिसेंबरात त्या गेल्या. लावणी, कव्वाली, भीमगीत यांना आपण दाद रस्त्यावर देतो आणि मान सभागृहात ठेवतो. दालन मुंबईचं म्हणायचं तर लालबाग-परळचा, चैत्यभूमीचा कान त्यात हवा. निवड करणाऱ्यांतही हवा.

गेल्या महिन्यात पुन्हा वड्याच्या रांगेत एका तरुण मुलानं तोच प्रश्न विचारला. मी पाचही नावं सांगितली: सेबॅस्टियन, गोन्साल्विस, दत्ताराम, जोग, प्रल्हाद शिंदे. त्यानं फोन काढला, एकेक लिहून घेतलं आणि विचारलं, "सेबॅस्टियनचं पूर्ण नाव काय म्हणालात?" तेवढ्यात तिसरी घंटा झाली. दुसऱ्या भागातलं पहिलंच गाणं शंकर-जयकिशनचं होतं. मी त्याला म्हटलं, आता आत बस आणि गायक सुरू होईपर्यंत टाळी देऊ नकोस, नुसतं ऐक. मग मी जाऊन माइकवर सेबॅस्टियन डिसोझांचं नाव घेतलं, आणि व्हायोलिनवाल्यांनी गज उचलले.