कर्नलमधल्या हॅश टेबलमधून एंट्री काढणं: माझा अनुभव
आमचं नेटवर्किंगचं एक लिनक्स कर्नल मॉड्यूल आहे, चालू कनेक्शन्स हॅश टेबलमध्ये (की दिली की एंट्री पटकन सापडते असा तक्ता) ठेवणारं. ते माझ्याकडे आलं तेव्हा लोड वाढला की मधूनच पॅनिक व्हायचं, म्हणजे अख्खी सिस्टीम कोसळायची. केसॅन (कर्नलमधल्या मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावून बिल्ड केलं तर लगेच रिपोर्ट, यूज आफ्टर फ्री, म्हणजे सोडून दिलेली मेमरी पुन्हा वापरणं. एका सीपीयूवर लुकअप चालू आणि दुसरीकडे टायमरने तीच एंट्री काढून केफ्री पण करून टाकलेली, म्हणजे तिची मेमरी सोडून दिलेली.

डिलीटच्या लूपमध्ये हॅश फॉर ईच सेफ होतं म्हणून सगळे निवांत. पण ते फक्त पुढचा नोड आधी धरून ठेवतं, म्हणजे आपल्याच लूपमध्ये आपण चालू नोड काढला तर चालतं, दुसऱ्या सीपीयूशी त्याला काही घेणंदेणं नाही. मग रीडरला (लुकअप करणाऱ्या कोडला) पण स्पिनलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) लावून बघितला, पॅनिक थांबलं पण थ्रूपुट पार झोपलं, दर पॅकेटला लॉक म्हटल्यावर दुसरं काय होणार!

शेवटी आरसीयू (रीड-कॉपी-अपडेट), म्हणजे रीडरला लॉक न लावता, जुने रीडर संपेपर्यंत मेमरी न सोडण्याची पद्धत. लिनक्समध्ये 2002 पासून आहे, 2.5.43 मध्ये आलं, आमच्या कोडला मात्र पत्ता नाही. आता डिलीट करणारा लॉक घेऊन हॅश डेल आरसीयू करतो. यात भारी गोष्ट म्हणजे काढलेल्या नोडचा नेक्स्ट पॉइंटर तसाच राहतो, फक्त मागचा नल होतो, त्यामुळे त्याच नोडवर असलेला रीडर आरामात पुढे निघून जातो. मेमरी सोडायची ती कॉल आरसीयूने, जुने रीडर संपल्यावर. सिंक्रोनाइझ आरसीयू टायमरमध्ये चालत नाही कारण ते जुने रीडर संपेपर्यंत तिथेच झोपतं.

खरा वेळ गेला तो रेफकाउंटमध्ये, म्हणजे एंट्री किती जण धरून आहेत त्याच्या आकड्यात. लुकअपनंतर एंट्री रीड लॉकच्या बाहेर न्यायची असेल तर रेफकाउंट इंक नॉट झीरो (आकडा शून्य नसेल तरच वाढवणं), आणि ते फेल झालं तर एंट्री सापडलीच नाही असं धरायचं. शिवाय टायमर आणि युजरचं डिलीट एकाच वेळी आले तर? लॉकच्या आत एंट्री अजून टेबलमध्ये आहे का बघायचं, आणि ज्याने ती खरंच काढली त्यानेच टेबलचा रेफरन्स (रेफकाउंटमधला टेबलचा वाटा) सोडायचा. नवीन लिहिणार असाल तर सरळ आरहॅशटेबल (कर्नलमधलं तयार हॅश टेबल) घ्या, त्यात रिमूव्ह फास्ट दुसऱ्याला एनोएंट (सापडलं नाही असा एरर) देतं, पण रेफकाउंट तिथेही आपलाच.

एवढं करूनही मॉड्यूल काढताना एकदा क्रॅश आलाच. तिथे सिंक्रोनाइझ आरसीयू होतं, ते रीडरसाठी थांबतं, कॉल आरसीयूने नंतर चालवायला ठेवलेल्या पेंडिंग कॉलबॅकसाठी नाही, आणि कॉलबॅकचं फंक्शन तर मॉड्यूलसोबत गेलेलं. आधी सगळे टायमर बंद आणि टेबल रिकामं, मग आरसीयू बॅरियर (पेंडिंग कॉलबॅक संपेपर्यंत थांबणारं), असं केल्यावर गप्प झालं.