डब्ल्यूएसएल: फाइली कुठं ठेवता यावर निम्मा खेळ

विंडोजमध्ये लिनक्स हवं असेल तर बहुतेकांना आता ड्युअल बूटच्या (एकाच संगणकावर दोन्ही सिस्टिम वेगवेगळ्या बसवण्याच्या) भानगडीत पडायची गरज नाही. विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय म्हणजे डब्ल्यूएसएल (विंडोज सबसिस्टम फॉर लिनक्स). तिची दुसरी आवृत्ती, डब्ल्यूएसएल २, म्हणजे एक हलकं व्हर्च्युअल मशीन, संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक. त्यात खराखुरा लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) असतो, शिवाय स्वतःची डिस्क, स्वतःची रॅम आणि स्वतःचं नेटवर्क. टर्मिनल क्षणात उघडतं, त्यामुळे हे मशीन वेगळं आहे याचा विसर पडतो आणि कटकटी तिथूनच सुरू होतात.

बसवणं अगदी सोपं आहे. विंडोज ११ किंवा विंडोज १० चा बिल्ड १९०४१ आणि पुढचा हवा. पॉवरशेल ॲडमिन म्हणून उघडून 'डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल' द्या (कमांड टाइप करायच्या त्या अर्थातच रोमन लिपीत), मशीन रीस्टार्ट करा, की उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) हजर. ८०३७०१०२ ने संपणारा एरर आला तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू उघडून व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का पाहा. बंद असेल तर बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जावं लागेल. तिथं इंटेलवर व्हीटी-एक्स आणि एएमडीवर एसव्हीएम नावाचा पर्याय शोधा. उबुंटूसाठी पासवर्ड टाकताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही, ते तसंच असतं.

आता मुद्द्याचं. प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर ठेवून लिनक्समधून '/एमएनटी/सी' मार्गे वापरू नका. तिथली प्रत्येक फाइल ९पी या फाइली पोचवणाऱ्या प्रोटोकॉलमधून ये-जा करते. हजारो बारक्या फाइली असलेल्या नोडच्या प्रोजेक्टमध्ये साधं 'गिट स्टेटस' रेंगाळतं. शिवाय विंडोजच्या बाजूनं फाइल बदलली तर त्याची खबर लिनक्सला पोचत नाही. सेव्ह केल्यावर ब्राउझर आपोआप रिफ्रेश का होत नाही, याचं कारण बहुधा हेच असतं. प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच ठेवा. त्या फोल्डरमध्ये 'एक्सप्लोरर.ईएक्सई .' दिलंत की तो विंडोजच्या खिडकीत उघडतो, म्हणजे तुमची काही अडचण होत नाही.

दुसरी तक्रार रॅमची. लिनक्सला डीफॉल्टनं एकूण रॅमच्या निम्मी मिळू शकते, आणि वाचलेल्या फाइलींच्या कॅशसाठी घेतलेली रॅम ते लगेच सोडत नाही. ८ जीबीच्या लॅपटॉपवर क्रोम आणि डब्ल्यूएसएल एकत्र म्हणजे एका खाटेवर दोन पैलवान. स्वतःच्या यूजर फोल्डरमध्ये '.डब्ल्यूएसएलकॉन्फिग' फाइल करा. पहिल्या ओळीत चौकोनी कंसात 'डब्ल्यूएसएल२', दुसऱ्या ओळीत 'मेमरी=३जीबी'. नोटपॅड शेपटीला गुपचूप '.टीएक्सटी' लावतं आणि मग सेटिंग लागूच होत नाही, म्हणून सेव्ह करताना 'ऑल फाइल्स' निवडा. त्यानंतर 'डब्ल्यूएसएल --शटडाउन' द्यायलाच हवं, नुसती खिडकी बंद करून भागत नाही. पुन्हा आत जाऊन 'फ्री -एच' नं खात्री करा.

डिस्कचं दुखणं उशिरा कळतं. लिनक्सची सगळी डिस्क म्हणजे विंडोजवरची 'ईएक्सटी४.व्हीएचडीएक्स' ही एकच फाइल. ती गरजेप्रमाणे फुगते, पण आतलं ३० जीबी उडवलं तरी आपोआप आटत नाही. आधी 'डब्ल्यूएसएल --शटडाउन'. मग ॲडमिन पॉवरशेलमधून 'डिस्कपार्ट' उघडा, 'सिलेक्ट व्हीडिस्क फाइल=' पुढे अवतरणचिन्हांत त्या फाइलचा पूर्ण पत्ता द्या, आणि क्रमानं 'अटॅच व्हीडिस्क रीडओन्ली', 'कॉम्पॅक्ट व्हीडिस्क', 'डिटॅच व्हीडिस्क' चालवा. विंडोजच्या होम आवृत्तीतही हे चालतं. जागा वाचवायला त्या फोल्डरवर विंडोजचं कॉम्प्रेशन मात्र लावू नका. अशी डिस्क उघडायला डब्ल्यूएसएल नकार देतं.

किरकोळ आजार आणि औषधं: लॅपटॉप झोपेतून उठल्यावर 'एपीटी अपडेट' म्हणालं की रिलीज फाइल अजून वैध नाही, तर लिनक्सचं घड्याळ मागं पडलंय, 'सुडो एचडब्ल्यूक्लॉक -एस' द्या. स्क्रिप्ट चालवताना इंटरप्रिटरच्या नावामागे '^एम' दिसलं तर ओळींचे शेवट विंडोजच्या पद्धतीचे आहेत, ते 'डॉसटूयुनिक्स' नं बदला. ऑफिसच्या व्हीपीएनवर नेम रिझोल्यूशन (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणं) बंद पडत असेल तर विंडोज ११ च्या २२एच२ आणि पुढच्या आवृत्तीत त्याच कॉन्फिग फाइलमध्ये 'नेटवर्किंगमोड=मिरर्ड' लिहून बघा. खिडकीवाल्या लिनक्स ॲपमध्ये मराठीच्या जागी चौकोन दिसले तर फॉन्टच नाहीत. 'फॉन्ट्स-लोहित-देवा' पॅकेज टाका.

आणि 'डब्ल्यूएसएल --अनरजिस्टर' ही कमांड इंटरनेटवर कुणी कितीही सहज सुचवली तरी जपून. ती खात्री न विचारता अख्खी डिस्क पुसते. त्याआधी 'डब्ल्यूएसएल --एक्सपोर्ट उबुंटू' आणि पुढे दुसऱ्या ड्राइव्हवरच्या '.टीएआर' फाइलचा पत्ता, एवढं करून ठेवा. 'डब्ल्यूएसएल --इम्पोर्ट' नं ते परत आणलंत की तुम्ही रूट (सगळे अधिकार असलेलं खातं) म्हणून आत जाता, '/ईटीसी/डब्ल्यूएसएल.कॉन्फ' मध्ये चौकोनी कंसात 'यूजर' आणि खाली 'डीफॉल्ट=' पुढे आपलं यूजरनेम लिहून शटडाउन दिलं की जुनं खातं पुन्हा लागू होतं.