एक मिलिग्रॅममध्ये पेप्टाइड किती?

मेलिटिन हे मधमाशीच्या विषातलं 26 अमिनो आम्लांचं पेप्टाइड. तांबड्या रक्तपेशी ते सहज फोडतं, म्हणून आमच्या पुण्यातल्या लॅबमध्ये हिमोलिसिसच्या (रक्तपेशी फुटण्याच्या चाचणीच्या) प्रत्येक प्लेटवर पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे परिणाम नक्की दिसणारा नमुना म्हणून तेच असतं. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी त्याचा स्टॉक, म्हणजे पुढे पातळ करून वापरायचं दाट द्रावण, बनवायचं काम माझ्याकडे आलं.

उणे 20 च्या फ्रीजरमधली व्हायल काढून आधी अर्धा तास डेसिकेटरमध्ये, म्हणजे कोरड्या हवेच्या बंद भांड्यात ठेवली. थंडगार व्हायल तशीच उघडली तर पावडर हवेतली ओल ओढते, आणि जुलैतली पुण्याची हवा काय असते ते सांगायला नको. मग सेंट्रिफ्यूजमध्ये एक छोटा स्पिन, कारण सुकवलेलं पेप्टाइड झाकणालाही चिकटलेलं असतं. तळाशी दिसत होता तो कांद्याच्या आतल्या पापुद्र्याएवढा पातळ पांढरा थर. तो काढून वजन करण्यात अर्थ नसतो, स्टॅटिकनं उडतो. पाणी व्हायलमध्येच घालायचं.

लेबलवर 1 मिलिग्रॅम, रेणुभार 2847. भागाकार केला, 351 नॅनोमोल आले. म्हणजे 351 मायक्रोलिटर पाण्यात 1 मिलिमोलर स्टॉक. पाणीच घेतलं, पीबीएस हे क्षारयुक्त बफर नाही, कारण जास्त क्षारांत आणि जास्त तीव्रतेला मेलिटिनचे चार-चार रेणू एकत्र येतात. व्हायल न हलवता हळूच फिरवली, फेस येऊ दिला नाही.

आमच्या सीनियर ताईंचा एक आग्रह असे: अ‍ॅलिकॉट करण्याआधी, म्हणजे स्टॉक छोट्या ट्यूबमध्ये वाटण्याआधी, 280 नॅनोमीटरला ओडी (द्रावण किती प्रकाश शोषतं तो आकडा) बघायचा. मेलिटिनमध्ये ट्रिप्टोफॅन हे हा प्रकाश शोषणारं अमिनो आम्ल एकच आहे, त्याचा शोषण गुणांक 5500. वीसपट पातळ केलं की 50 मायक्रोमोलर, म्हणजे 0.275 यायला हवा. आला 0.21. क्युव्हेट धुऊन, ब्लँक पुन्हा घेऊन, दुसऱ्या पिपेटनं परत केलं. पुन्हा 0.21.

ताईंनी विचारलं, ‘‘पेप्टाइड कंटेंट धरलास का गं?’’

तो आकडा लेबलवर नव्हता. डब्यातल्या घडी घातलेल्या सर्टिफिकेटवर होता: नेट पेप्टाइड कंटेंट, म्हणजे पावडरीच्या वजनात खरं पेप्टाइड, 76 टक्के. त्याच्याच वरच्या ओळीत एचपीएलसी या रेणू वेगळे करून मोजायच्या तंत्रानं काढलेली शुद्धता 98 टक्के, आणि मी तेवढंच वाचून समाधानी झाले होते. पण शुद्धता म्हणजे पेप्टाइड आणि पेप्टाइडसारख्याच अशुद्धींचं प्रमाण. मीठ आणि पाणी त्यात मोजलंच जात नाही.

मीठ कुठलं, हे ताईंनी कागदावर मांडून दाखवलं. शुद्धीकरणात टीएफए (ट्रायफ्लुओरोअ‍ॅसेटिक आम्ल) वापरतात, आणि ते पेप्टाइडला मिठाच्या रूपात चिकटून राहतं. मेलिटिनमध्ये तीन लायसिन, दोन आर्जिनिन आणि साखळीचं सुरुवातीचं एन-टोक असे सहा धनभार आहेत, आणि प्रत्येकाबरोबर 114 रेणुभाराचा एक टीएफए बसतो. 6 गुणिले 114 म्हणजे 684. तेवढ्यानंच पेप्टाइडचा वाटा 81 टक्क्यांच्या आसपास उतरतो, उरलेली तूट ओलाव्याची. माझ्या व्हायलमध्ये पेप्टाइड होतं 0.76 मिलिग्रॅम, 267 नॅनोमोल. पाणी 267 मायक्रोलिटरच घालायला हवं होतं. ओडीवरून उलट गणित केलं: 0.21 भागिले 5500, गुणिले 20. उत्तर 0.76 मिलिमोलर. कागद आणि यंत्र एकच आकडा सांगताना पाहून मला फार बरं वाटलं.

घातलेलं पाणी काढायची गरज नव्हती. 1 मिलिलिटरमध्ये 10 मायक्रोमोलर हवं असेल तर 10 ऐवजी 13.2 मायक्रोलिटर घ्यायचं, एवढंच.

वहीचं काम मात्र मोठं होतं. याच बॅचची आधीची व्हायल मी ओडी न बघता वापरली होती, म्हणजे जिथं जिथं 10 लिहिलं होतं तिथं खरं 7.6 होतं. मेलिटिनशी तुलना करायच्या आमच्या पेप्टाइडचा कंटेंट 88 टक्के निघाला. दोन्हींचे आकडे वेगवेगळ्या प्रमाणात सरकले, त्यामुळे ‘आपलं पेप्टाइड किती पट सौम्य’ हे गुणोत्तरच बदललं. दोन दिवस बसून सगळे आलेख नव्यानं काढले आणि सरांना जुने-नवे शेजारी ठेवून दाखवले.

आता ट्यूबवर तारीख आणि बॅच नंबरच्या खाली मी लिहिते: ‘0.76 मिलिमोलर, ओडीवरून’.